दोनच भोकं

सगळे बाळाकडे बघत असतात तेव्हा
मी नाळेच्या कापलेल्या टोकाकडे बघते.
चिमटीत धरते, रक्त पुसते,
मग दिसतो तो इवलासा चेहरा :
वर दोन बारीक डोळे, खाली एक पसरट तोंड.
दोन धमन्या, एक शीर.
एकतीस वर्षं या किंचाओ बेटावर
मी त्यांना मनातल्या मनात नावं ठेवत आले,
हा हसरा, ही झोपाळू,
हा बंदरावरच्या काटेवाल्यासारखा तोंड वासलेला.

आज पहाटे एदेल्मिराच्या मुलीचं टोक पुसलं
तर एकच डोळा.
पुन्हा पुसलं. नवा काप घेतला, वारेपासून लांब,
कारण वारेजवळ दोन वाटा कधीकधी एक होतात
आणि फसवतात.
एकच डोळा. आणि ते तोंड.

मुलगी दोन किलो चारशे. गुलाबी. रडणं बेताचं, पण खरं.
बाउदिलिओ शिंपल्यांच्या तराफ्यावरून तसाच आलेला,
रबरी बुटांसकट दारात उभा,
हसावं की नाही ते माझ्या तोंडावर शोधत.

आमच्याकडे घर हलवतात.
भिंती, छप्पर, खिडकीतल्या पडद्यासकट
ओंडक्यांवर चढवायचं आणि बैल जुंपून
ओढत न्यायचं दुसऱ्या किनाऱ्याला.
मिंगा म्हणतात त्याला. सारं गाव राबतं, मजुरी फक्त जेवण.
एकदा उतारावर डावा दोर तुटला.
घर थांबलं नाही.
एकाच दोरानं, तिरपं होत, सगळ्यांच्या शिव्या खात
पोचलं बिचारं.
बहुतेक पोचतातच.
पण जेवणाआधी म्हाताऱ्या सुताराने एकेक सांधा ठोकून पाहिला,
आणि स्वयंपाकघराचा एक वासा आतून तडकलेला निघाला.
बाहेरून काही कळत नव्हतं.

हेच मी एदेल्मिराला सांगितलं, घराऐवजी मुलगी म्हणून.
ती म्हणाली, मी बैलांचा दोर ओलांडला होता,
सासूबाई ओरडल्या होत्या.
नाही, म्हटलं. हे पहिल्या काही आठवड्यांतच ठरतं,
तेव्हा तर तुला दिवस गेलेत हेही माहीत नव्हतं.
तिने ऐकलं. पटलं असं वाटलं नाही.

चिठ्ठी लिहिली कास्त्रोच्या डॉक्टरणीला :
एक धमनी. मूत्रपिंडं बघा. हृदय बघा.
दहाची बोट. मुलगी शालीत,
शाल बापाच्या अंगरख्यात.

मी नवी होते तेव्हा मोजत नव्हते.
वार बादलीत, बादली बटाट्याच्या वाफ्यात,
हात धुतले की झालं.
त्या हिवाळ्यात जन्मलेला एक मुलगा
पाच महिन्यांचा होऊन सुजला,
ताप उतरेना, लंगोट कोरडे.
समुद्र खवळलेला, बोट सुटली नाही दोन दिवस.
मोजलं असतं तर?
सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.
खरंच सांगता येत नाही.
या वाक्याबरोबर मी इतकी वर्षं जेवले आहे.

साडेचारला फोन.
हृदय चांगलं. उजवं मूत्रपिंड आहे, धडधाकट.
डावीकडे जागा रिकामी.
एकावर माणूस म्हातारा होतो, डॉक्टरणी म्हणाली,
फक्त त्याला जपायचं, आणि आपल्याला ठाऊक हवं.
दूध ओढतेय का, मी विचारलं.
आईला सुचू देत नाही, म्हणाली.

मग झाकून ठेवलेली वार पुरली,
पावसात, कुत्र्यांना लागू नये इतकी खोल.

सरकारी नोंदवहीत वजन आहे, वेळ आहे, बापाचा धंदा आहे.
भोकं किती, याला रकाना नाही.
मी समासात लिहिते.
समासात आता बारा नावं.
त्यातलं एक फार उशिरा लिहिलेलं, दुसऱ्या शाईत,
आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.